बाळंतिणीच्या खोलीतील तीन रात्री

आरक्षणाच्या ॲपवर या खोलीला एक इंग्रजी नाव आहे आणि नावाशेजारी एकमेकांत गुंतलेले दोन लाल बदाम आहेत. प्रत्यक्षात ती बाळंतिणीची खोली आहे. ही माहिती आम्हांला पहिल्याच संध्याकाळी मालकांच्या वहिनींनी, म्हणजे तिथे सगळेच ज्यांना काकू म्हणतात त्यांनी, पाण्याचा तांब्या कोनाड्यात ठेवता ठेवता दिली. “आमचे हे ह्याच खोलीत जन्मले, दोन्ही नणंदा ह्याच खोलीत, आणि माझा मुलगा पण. दवाखाना तेव्हा कुठला जवळ?” नवऱ्याने माझ्याकडे पाहिले, मी पलंगावर गुलाबाच्या पाकळ्यांनी काढलेल्या बदामाकडे पाहिले, आणि आमच्या मुक्कामाचा सूर तिथेच ठरून गेला.

लग्नाला चौदा वर्षे झाल्याच्या निमित्ताने, मुलीला तिच्या आजीकडे ठेवून, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघे रत्नागिरी जिल्ह्यात, राजापूर तालुक्यातील आडिवरे-कशेळी परिसरातल्या एका वाडीत तीन रात्री राहिलो. घर जांभ्या दगडाचे आणि कौलारू आहे. माजघराच्या तुळईवर शके १८३५ असे कोरलेले आहे, म्हणजे त्याने शंभरी केव्हाच ओलांडली आहे. मधली वीसेक वर्षे ते बंद होते. मालक मुंबईतली नोकरी संपवून गावी परतले आणि दोन पावसाळे खपून त्यांनी ते पुन्हा उभे केले. घराचे नाव मी येथे मुद्दाम देत नाही. पुढे काही तक्रारी लिहायच्या आहेत, त्या मी निघताना मालकांच्या तोंडावर सांगितल्या आहेत, आणि त्यांचे नाव चव्हाट्यावर आणण्याचे काही कारण मला दिसत नाही. किनाऱ्यालगतच्या गावांत अशी दुरुस्त केलेली जुनी घरे आता पाहुण्यांसाठी उघडू लागली आहेत, आणि त्यांपैकी एखादे निवडताना काय पाहावे हे समजायला नावाची गरज नाही.

ठाण्याहून जनशताब्दीने रत्नागिरीला उतरून पुढे पावस, पूर्णगड, गावखडी असा किनाऱ्याचा रस्ता धरला की भाड्याच्या गाडीने तास-सव्वा तासात आडिवरे येते. मुचकुंदी नदीच्या मुखाजवळचा पूल ओलांडताना उजव्या हाताला समुद्र आणि डाव्या हाताला खाडी एकाच वेळी दिसतात. गाडी तिथे दोन मिनिटे थांबवायला सांगावी. घरापर्यंत मात्र गाडी जात नाही. रस्त्यापासून खाली जांभ्याची पाखाडी उतरते, तिच्या पायऱ्या मी मोजल्या, ६३ भरल्या, आणि चाकांची बॅग घेऊन आलेल्या माणसाने त्या पायऱ्यांवर काय करायचे याबद्दल ॲपवर एक शब्दही नाही. मालकांचा गडी येऊन बॅग डोक्यावर घेऊन गेला, आम्ही मागून संकोचत उतरलो. खळ्यात तुळशीवृंदावन, त्यापुढे पडवी, पडवीतून दोन पायऱ्या चढून ओटी. ओटीवरून माजघरात जाणाऱ्या दाराची चौकट जेमतेम साडेपाच फूट उंच आहे आणि माझा नवरा सहा फुटांना एक बोट कमी. “कपाळ सांभाळा हो भाऊ!” ही काकूंची सूचना नेमकी एक क्षण उशिरा आली.

हा नवरा व्यवसायाने बांधकाम अभियंता आहे, त्याची सारी हयात सिमेंट-काँक्रीटमध्ये गेली आहे, आणि कपाळ चोळत का होईना, त्याने पहिले काम केले ते भिंतीवरून हात फिरवण्याचे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला पडवीच्या भिंतीपाशी उभे करून जे दाखवले ते या घराबद्दलची सर्वांत चांगली गोष्ट म्हणून मी सांगेन. भिंतीतल्या जुन्या चिऱ्यांवर, म्हणजे जांभ्याच्या तासलेल्या दगडांवर, हत्याराचे तिरपे, आखूड घाव आहेत, एका चिऱ्यावर डावीकडे झुकलेले तर शेजारच्यावर उजवीकडे, मधेच एखादा घाव खोल गेलेला, जणू खाणीत काम करणाऱ्याचा हात त्या क्षणी जरा जड पडला असावा. त्याच भिंतीत खिडकीच्या खाली दहा-बारा चिरे असे आहेत की त्यांच्यावर एकसारख्या, वळणदार, समांतर रेघा आहेत. त्या यंत्राच्या गोल पात्याच्या. पूर्वी चिरेखाणीत चिरा हातानेच तोडून तासत, आता पाते फिरते. दुरुस्ती करताना जिथे चिरा झिजून पोकळ झाला होता तिथे मालकांनी नवा चिरा बसवला, आणि जुन्याशी मिळताजुळता दिसावा म्हणून त्यावर खोटे घाव घातले नाहीत की गिलावा करून सगळेच झाकून टाकले नाही. भिंत वाचता येते. कुठे काय कधी झाले हे कोणालाही, अगदी माझ्यासारखीलाही, बोट ठेवून सांगता येते.

जांभ्याबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण दगडाचे घर म्हटल्यावर ज्यांच्या डोळ्यांपुढे देशावरचा काळा घडीव वाडा येतो त्यांची इथे थोडी निराशा होईल. जांभा मुळात काळ्या पाषाणाचाच नातेवाईक आहे. भरपूर पाऊस, त्यामागून कडक ऊन असा क्रम फार दीर्घ काळ चालला की काळ्या पाषाणातील सिलिका झिरपून जाते, लोह आणि ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहतात, आणि तांबडा, भोकाभोकांचा, स्पंजासारखा दिसणारा दगड तयार होतो. खाणीत तो इतका मऊ असतो की साध्या हत्याराने तोडता येतो, आणि बाहेर काढून वाऱ्याउन्हात ठेवला की कडक होत जातो. फ्रान्सिस ब्युकॅनन या इंग्रजी नोकरीतल्या माणसाने मलबारात हा दगड विटांसारखा कापून वापरताना पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याला लॅटिन भाषेतल्या विटेवरून ‘लॅटराइट’ असे नाव दिले. आपल्याकडे त्याला नावाची वाट पाहावी लागली नव्हती. पिकल्या जांभळाच्या रंगावरून जांभा, आणि तोडून आकाराला आणला की चिरा.

या दगडाच्या अंगात पाणी शिरते, आणि ते बाहेर पडायला वाट लागते. जुन्या भिंती मातीत रचलेल्या असत आणि गिलावा केलाच तर चुन्याचा, त्यामुळे पावसाळ्यात भिंतीने घेतलेली ओल पुढच्या उन्हात निघून जाई. कोकणात गेल्या काही दशकांत हौसेने दुरुस्त केलेल्या कितीतरी घरांचे नुकसान नेमके इथे झाले आहे: वरून सिमेंटचा गिलावा चोपडला की ओल आत कोंडते, रंग फुगतो, पांढरे मीठ फुटते, आणि मालक दर दोन वर्षांनी रंगाऱ्याला बोलावत राहतो. या घरात चिऱ्यांमधल्या दरजा पुन्हा चुन्यानेच भरल्या आहेत. मालकांनी तो चुना कसा भिजवला, त्यात गुळाचे पाणी किती घातले, आणि ते काम येणारा म्हातारा गवंडी शोधायला किती गावे हिंडावी लागली, हे सगळे आम्हांला ओटीवरच्या झोपाळ्यावर बसवून सांगितले. दोन तास गेले. मला मधे एकदा जांभई आली, नवऱ्याला आली नाही.

आता खोली. माजघराच्या उजव्या अंगाला, घराच्या पोटात म्हणावी अशी ती आहे. तिची एकच भिंत बाहेरच्या बाजूला, आणि त्या भिंतीत हातभर रुंदीची एक खिडकी. बाळंतिणीला वारा लागू नये, दृष्ट लागू नये, येणाऱ्याजाणाऱ्याची नजर पडू नये, म्हणून खोली मुळातच काळोखी ठेवलेली. प्रेमिकांसाठीच्या खोलीचे जे काही चित्र आपल्या मनात जाहिरातींनी ठसवलेले असते, भिंतभर काच, समोर समुद्र, पांढरे पडदे, त्याच्या बरोबर उलट. मालकांना वास्तुविशारदाने ती बाहेरची भिंत फोडून मोठी खिडकी करण्याचा सल्ला दिला होता, त्यांनी तो ऐकला नाही. त्यांनी फक्त छपरात दोन ठिकाणी मातीच्या कौलांच्या जागी काचेची कौले बसवली. सकाळी साडेआठच्या सुमारास त्यांतून उन्हाचा एक कवडसा पलंगाच्या पायथ्याशी उतरतो, हळूहळू कोब्याच्या तांबड्या जमिनीवरून सरकत जातो आणि दुपारी जेवायला हाक येते तेव्हा समोरच्या भिंतीतल्या कोनाड्याखाली पोहोचलेला असतो. तीन दिवस आम्ही घड्याळ पाहिले नाही असे मी म्हणणार नाही, कारण मोबाइल हातात होताच. पण मोबाइलला तिथे रेंज नाही, आणि वेळ विचारायची तर कवडशाकडे पाहणे सोपे होते.

रात्रीचा अनुभव मात्र मला अनपेक्षित होता. डिसेंबरात तिकडे रात्री चांगला गारवा पडतो आणि मी शाल घेऊन निजण्याच्या तयारीने आले होते. दहाच्या सुमारास दिवा मालवल्यावर माझा तळहात सहज पलंगाशेजारच्या भिंतीला लागला, आणि भिंत कोमट होती. दिवसभर ऊन खाल्लेला तो दीड हात जाडीचा दगड ती ऊब आता, अंधार पडून चार तास झाल्यावर, खोलीत सोडत होता. नवऱ्याने पलीकडून त्याचे शास्त्र समजावून सांगायला सुरुवात केली आणि मी त्याला गप्प बसायला सांगितले. दोघांनी पाठ भिंतीला टेकली आणि बराच वेळ तसेच बसून राहिलो. वर कौलांच्या आतल्या बाजूला उठवलेले कारखान्याचे ठसे दिव्याच्या उजेडात वाचता येत होते, ते आता दिसत नव्हते, काचेच्या कौलातून तेवढे चार-पाच तारे दिसत होते. या कौलांना आपण मंगलोरी म्हणतो, कारण बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने १८६५ साली मंगळूरला त्यांचा कारखाना काढला आणि मग ती पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडे पसरली. त्याआधी कोकणात कुंभाराच्या चाकावरच्या नळ्यांची छपरे होती. हेही अर्थात नवऱ्यानेच सांगितले, पण दुसऱ्या दिवशी.

या सगळ्याच्या मानाने जे ‘रोमँटिक पॅकेज’ म्हणून आम्ही दीड हजार रुपये जादा भरले होते त्याबद्दल काय लिहावे? पलंगावर पाकळ्यांचा बदाम, टॉवेलांचे दोन हंस, खिडकीशी चार लाल फुगे, मेणबत्त्यांची रांग, आणि ब्लूटूथचा एक छोटा स्पीकर. गुलाब त्या वाडीत होत नाही. पाकळ्या रत्नागिरीहून थर्मोकोलच्या खोक्यातून येतात आणि येईतो त्यांचा वास गेलेला असतो. काकूंच्या परसात त्याच वेळी अबोली आणि बटमोगरा यांचे ताटवे होते. मेणबत्तीचे मेण कोब्यावर सांडले, ते सकाळी काकू पाठीत वाकून सुरीने खरवडत होत्या आणि मला आपलीच लाज वाटली. फुगे तर पहाटे एकेक करून आपोआप फुटले. मालकांना विचारले तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितले की हे त्यांनाही आवडत नाही, पण ॲपवर हा पर्याय न ठेवल्यास जोडपी येत नाहीत आणि खोली रिकामी राहते. त्यांचे खरे असेल. माझी विनंती एवढीच की आरक्षण करताना पॅकेजच्या चौकोनात टिचकी मारू नये. ते दीड हजार वाचवावेत आणि काकूंकडून एक अबोलीचा गजरा मागून घ्यावा, त्याचे त्या पैसेही घेत नाहीत.

दुसऱ्या संध्याकाळी मी काकूंबरोबर मागच्या पडवीत नारळ सोलत बसले होते, म्हणजे त्या सोलत होत्या आणि मी बसले होते, तेव्हा मी विचारले की एवढ्या मोठ्या घरात नवराबायकोची अशी स्वतःची खोली कुठली. त्या हसल्या. ओटी पुरुषांची, माजघर बायकांचे, देवघर सोवळ्याचे, माळा भाताचा आणि सुक्या लाकडाचा. “दिवसा आम्ही एकमेकांशी बोलायचोच नाही गो बाय. काही सांगायचं असलं तर विहिरीवर. मी पाणी ओढायला जायची, हे बैलाला पाणी पाजायला यायचे. दोन कळशा भरेपर्यंत जे काय बोलायचं ते.” एकांत म्हणून आम्ही ज्याचे पैसे मोजले होते तो या घराच्या आराखड्यातच नव्हता. पंचवीस माणसांच्या खटल्यासाठी बांधलेले हे घर; त्यात अशी वेगळी जागा मिळे ती बाई बाळंत होई तेव्हा, आणि तेव्हा नवऱ्याला त्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत यायची मुभा नसे. हे ऐकल्यावर ॲपवरच्या त्या इंग्रजी नावाचे मला हसू येईनासे झाले. कोणाला या जुन्या घरांबद्दल हळवे व्हायचे असेल त्याने जरूर व्हावे, मीही झाले, पण काकूंशी गप्पा मारल्यानंतर.

विहीर अजून आहे, आणि रहाटही आहे. पाणी पंपाने येते, तरी पाहुण्यांची हौस म्हणून रहाट चालू ठेवला आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी एक कळशी ओढून पाहिली. मी ओढत होते आणि तो कळशी काठाशी धरत होता, मग उलट. एरवी घरी आम्ही जे बोलतो ते बहुतेक मुलीचा क्लास, सोसायटीचे पाणी आणि आईची औषधे यांबद्दल असते. त्या विहिरीवर काय बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही, पण दोनच्या जागी सात कळशा भरल्या आणि काकूंना तुळशीला, अळूला आणि शेवटी खळ्यात शिंपायलाही पाणी पुरले.

जेवणाबद्दल तक्रारीला जागा नाही. सकाळी घावन आणि नारळाचा रस, किंवा मऊभात, मेतकूट आणि वर घरचे तूप. दुपारी कुळथाची पिठी, भात, वालाची उसळ, सोलकढी. मासे हवे असल्यास आदल्या रात्री सांगावे लागते. बांगडे आले ते तिरफळे घालून केलेल्या कालवणात, आणि तिरफळ चावायचे नसते हे नवऱ्याला पुन्हा एकदा उशिरा सांगण्यात आले. जेवण माजघरात पाटावर बसून असते. गुडघे दुखत असतील त्यांच्यासाठी पडवीत टेबल मांडतात. रात्रीचे जेवण आठला. नऊनंतर स्वयंपाकघर बंद, आणि ते तसेच असावे असे मला वाटते, कारण काकू पहाटे पाचला उठतात.

फिरण्यासाठी लांब जावे लागत नाही. आडिवऱ्याच्या महाकालीचे देऊळ जवळच आहे, कशेळीला कनकादित्याचे सूर्यमंदिर आहे, त्या देवळाकडे शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळातला ताम्रपट आहे, आणि देवघळीच्या कड्यावरून मावळता सूर्य पाहायला संध्याकाळी बरीच गर्दी जमते. आम्ही मात्र जास्त वेळ घालवला तो सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, कातळशिल्पांपाशी. कशेळीच्या सड्यावर जांभ्याच्या उघड्या कातळात खोदलेला हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे, आणि त्याच्या देहाच्या आत लहानमोठ्या इतर प्राण्यांच्या आकृत्या आहेत. कोकणातल्या अशा काही स्थळांचा समावेश २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला, त्यांत कशेळीही आहे. जवळ उभे राहिले की रेघाच दिसतात, हत्ती दिसत नाही. तो पाहण्यासाठी चार पावले मागे, जरा उंचावर जावे लागते. त्या खोदलेल्या रेघेत मी बोट घातले. आमच्या खोलीच्या भिंतीचाच तो दगड, तसाच खरबरीत, आणि उन्हाने तसाच तापलेला.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी तक्रार न्हाणीघराची. जुने न्हाणीघर परसात वेगळे होते. पाहुण्यांना ते चालणार नाही म्हणून खोलीला लागून नवे बांधले, आणि तिथे मालकांचा सगळा विवेक संपलेला दिसतो. भिंतीला आतून छतापर्यंत चकचकीत पांढऱ्या फरशा, बाहेरून सिमेंटचा गिलावा, आणि हवा खेळायला वीतभर झरोका. तीन दिवस टॉवेल वाळला नाही. खोलीच्या ज्या भिंतीला हे न्हाणीघर चिकटवले आहे तिच्या खालच्या दोन चिऱ्यांवर पांढरे मीठ फुटलेले नवऱ्याने पहिल्याच दिवशी पाहिले होते. चुन्यासाठी गावोगाव हिंडलेल्या माणसाने तिथे असे का करावे? मालकांचे उत्तर सरळ होते: पैसे संपले होते आणि हंगाम तोंडावर आला होता. न्हाणीघरातला दिवा इतका पांढरा आणि प्रखर आहे की मध्यरात्री तो लावला की माजघरापर्यंत उजेड जातो.

दुसरी तक्रार ॲपवरच्या वर्णनाची, आणि तिचा दोष मालकांपेक्षा आरक्षण घेणाऱ्या मध्यस्थ सेवेकडे जातो. वर्णनात ‘समुद्रदर्शन’ असे लिहिले होते. समुद्र घरापासून अडीच-तीन किलोमीटरवर आहे, रात्री वारा पडला की त्याची गाज ऐकू येते, दिसत मात्र तो खळ्यातूनही नाही आणि माळ्यावरूनही नाही. छायाचित्रांमध्ये उघड्या आभाळाखालचे एक दगडी न्हाणीकुंड होते. ते या घराचे नव्हेच. सेवेच्या ग्राहक कक्षाला फोन केला तर त्यांनी माझी तक्रार नोंदवल्याचा संदेश पाठवला, आणि तसाच संदेश पुढच्या आठवड्यात पुन्हा पाठवला. त्यामुळे पुढच्या वेळी फोन थेट मालकांना करायचा हे आम्ही ठरवले आहे. मधला दलाल गळला की भाडेही थोडे उतरते.

तिसरी तक्रार माकडांबद्दल आहे आणि ती कोणाकडे करावी हे समजत नाही. सकाळी सातच्या सुमारास वीसेक माकडांचा कळप समोरच्या फणसावरून थेट छपरावर उतरतो आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतो. पहिल्या सकाळी डोक्यावर दरड कोसळली असे वाटून मी पलंगावरून अक्षरशः उडी मारली. या उपद्रवाला कंटाळूनच गावोगावी लोकांनी कौले काढून पत्रे घातले. मालकांनी घातले नाहीत, त्याऐवजी वर्षाला शे-दीडशे कौले ते बदलतात आणि त्यासाठी शिडी पडवीत कायमचीच उभी असते. ज्यांना रविवारी सकाळी दहापर्यंत झोपायचे आहे त्यांनी हे लक्षात घ्यावे. डासांसाठी मच्छरदाणी आहे आणि ती चांगली आहे.

भाडे दोघांसाठी एका रात्रीचे ५,५०० रुपये, त्यात दोन्ही वेळचे जेवण आणि नाश्ता. मासे आणि ते पॅकेज वेगळे. वातानुकूलित यंत्राची एक खोलीही आहे, पण तिला खालून खोटे छत ठोकले आहे, कौले दिसत नाहीत, आणि यंत्राची घरघर माजघरात ऐकू येते. एप्रिल-मे सोडून कधीही जाणार असाल तर ती घेऊ नये. वयस्कर माणसांना त्या ६३ पायऱ्या अवघड जातील. मालक पालखी करू म्हणतात, पण ते थट्टेने. तान्हे मूल असलेल्यांनी जायला हरकत नाही, खोली शेवटी त्यांचीच आहे.

निघताना हिशेब झाल्यावर नवऱ्याने एका कागदावर न्हाणीघराच्या भिंतीचे काय करता येईल त्याची आकृती काढून मालकांना दिली: फरशा खांद्याच्या उंचीपर्यंतच ठेवायच्या, वरचा गिलावा उतरवून चुना लावायचा, झरोका तिप्पट करायचा, आणि दोन भिंतींच्या मधे हातभर मोकळी जागा सोडता आली तर सर्वांत उत्तम. मालकांनी तो कागद घडी करून पंचांगात ठेवला. मी जुलैत पुन्हा येऊ का असे विचारले. ते म्हणाले, “या की. पण तेव्हा बाहेरच्या भिंतीला आम्ही माडाच्या झावळ्यांचे झाप बांधतो, तुमची खिडकी झाकली जाईल, दिवसासुद्धा दिवा लावावा लागेल. वीज असली तर. आणि कपडे काही वाळायचे नाहीत.” काकूंनी आतून ओरडून सांगितले की चुलीवर वाळवून देईन, धुराचा वास चालत असेल तर. आम्ही जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातल्या दोन रात्री तिथेच, पंचांगाच्या समासात पेन्सिलीने लिहून, आरक्षित केल्या.